चित्रामागची मुलगी

शालिनीताईंना मी फसवलं आणि त्यांच्या नातीला खोटारडी ठरवलं. यातलं अक्षरही मी आजवर कुणाला – बायकोलासुद्धा – सांगितलेलं नाही.

क्लेमेंटीत माझं फ्रेमचं दुकान आहे, बाइंडिंगही करतो. सांगलीत काच कापायला शिकलो, इथं परदेशात येऊन दुसऱ्याच्या दुकानात राबलो, मग स्वतःचं थाटलं. भाव कसा पाडायचा, कसा चढवायचा, हे मला शिकवावं लागत नाही. आणि धंद्यातली एक घाण रीतही ठाऊक होती – जुनं सचित्र पुस्तक घ्यायचं, चित्रं सोडवायची, एकेक फ्रेम करून विकायची. पलीकडच्या बुओना व्हिस्टात, श्रीमंतांच्या कॉन्डो-फ्लॅटांत, बाळाच्या खोलीसाठी लोक हौसेने घेतात. उरलेलं पुस्तक? सोललेल्या कोंबडीसारखं पडून राहतं.

शालिनीताई पुण्यात फ्रेंच शिकवायच्या. निवृत्तीनंतर मुलाकडे आल्या, आमच्याच ब्लॉकमध्ये. शनिवारी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मराठी पोरं जमवून जुन्या फ्रेंच परीकथा सांगायच्या. मांडीवर ते पुस्तक. लांडग्याचं चित्र आलं की पोरं एकमेकांना बिलगायची. त्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते – सोडवायला कुणी येत नाही. ताईंची चिमुरडी नात, इरा, हे मानायचीच नाही. पुस्तकातली चित्रं फक्त वरच्या कडेने चिकटवलेली होती. ती खालून चित्र उचलायची आणि मागे डोकवायची. "आजी, शी रॅन अवे लाह! मागे लपलीये." इथल्या पोरांसारखा वाक्याला 'लाह' जोडायची.

मी पुस्तक विकत मागितलं. पुन्हा मागितलं. शेवटी ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वसंतराव, तुम्ही लांडग्याच्या पोटात गेलात तरी आत बसून घासाघीस कराल!" सगळे हसले. पोरंसुद्धा. मला ते असं झोंबलं – आजही लिहिताना कान तापतात. पण ते कारण म्हणून सांगत नाही.

पुढे पुस्तकाची शिवण सुटली, आणि ताईंनी ते विश्वासाने माझ्याकडेच दिलं. मी लांडगा सोडवला. त्याच्या जागी त्याचीच रंगीत प्रिंट – चारही कडांनी पक्की चिकटवलेली. ताईंना मोतीबिंदू, त्यांना काय दिसणार होतं? हा हिशेब मी केला. किळस येते ना? मला येते.

कळलं ते इराला. शनिवारी तिने बोट घातलं – चित्र उचलेना. "हा तो वुल्फ नाही! काकांनी बदलला!" सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि मी? क्षणभरही न अडखळता म्हणालो, "ताई, हिनेच फाडलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून मी गुपचूप चिकटवून दिलं."

ताई एवढंच म्हणाल्या, "इरा, फाडलंस त्याचं काही नाही गं. पण खोटं नको बोलू."

पोरगी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. नंतर ती गोष्टी ऐकायला खाली आलीच नाही.

मग फ्रेम करायला मी चित्र पालथं केलं. मागे पेन्सिलीने काढलेली दोन वेण्यांची मुलगी – पळत असलेली. इराने तिला तिथं लपवलं होतं. मी तिच्यावर पुठ्ठा ठेवला आणि खिळे ठोकले.

भाव पटेना, म्हणून चित्र विकलं नाही. पुढे ताई वारल्या आणि मी ते बिनधास्त दुकानात टांगलं.

परवा इरा आली. आता युनिव्हर्सिटीत शिकते. आजीचा फोटो फ्रेम करायचा होता. भिंतीवरच्या लांडग्यापाशी थबकली. बराच वेळ बघत होती.

"काका, हा कितीला?"

आणि मी भाव सांगितला. वाचताय ना? जीभ आपोआप वळली – चढवूनच सांगितला.

तिने घासाघीस केली नाही. "मागून उघडाल?"

मी खिळे काढले, पुठ्ठा सरकवला. मुलगी तिथंच होती.

"बघा, पळतेच आहे लाह," इरा म्हणाली, आणि पर्समधून कार्ड काढलं. मी – मी मशीन पुढे केलं. चित्र घेऊन ती गेली. आजीचा फोटो माझ्या हाती न देता तोही परत घेऊन गेली.

ताई आता विचारायला नाहीत. इराने विचारलं नाही. म्हणून मीच विचारतो. वसंता, ती आजी आपली नात खोटारडी आहे असं समजून मेली, ते कुणामुळे? कारणं देऊ नकोस. घासाघीस करू नकोस. उत्तर दे.