"नाही" म्हणायची नोकरी आणि लिंबाचं सरबत

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. विहिरीत गाळ साठतो तसे. एखाद्या उन्हाळ्यात उपसायला घेतलं की बुडालेल्या कळशा, तुटलेले दोर, कुणाची तरी चप्पल, सगळं वर येतं. मी जन्मभर दगडांत काम केलं, पण चार मित्र जमले की दगडांबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही. विचारतात ते त्या एका वर्षाबद्दल. त्या वर्षी मी एका आमदाराच्या घरी "नाही" म्हणायच्या नोकरीला होतो!

गोष्ट सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हाची. पाऊस दगा देत होता. मुंबईत कुणाच्या तरी डोक्यात आलं की कायदे करणाऱ्यांच्या शेजारी जमिनीखालचं कळणारा एकेक माणूस बसवावा, म्हणजे सरकारची पॉलिसी जरा शहाणी होईल. याला ते फेलोशिप म्हणायचे. आम्ही काही तरुण भूगर्भशास्त्रज्ञ निवडले गेलो. बाकीच्यांना मुंबईत पंख्याखाली टेबलं मिळाली. मला मिळाले नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागातले आमदार, अण्णा. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, "माणूस मुंबईत नको. मिरजगावला माझ्या घरी पाठवा. पाण्याची बोंब हितं हाय, मुंबईला न्हाई!"

* * *

अण्णांची कचेरी म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "साहेब, तुमाला 'न्हाई' म्हनता येतं का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे तोंडावर. समोरचा आशेनं बघतोय आन् आपन न्हाई म्हनायचं. मला जमत न्हाई. मला फकस्त 'बघू' येतं."

हे अगदी खरं होतं. अण्णांनी आयुष्यात कुणाला नकार दिला नव्हता. विहीर पाहिजे? बघू. तलाव पाहिजे? बघू. मुलाला नोकरी? बघू, बघू! त्या दिवसापासून माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून पडलं. माणूस आधी त्यांच्याकडे जाई, ते "बघू" म्हणत आणि डोळ्यांनी माझ्याकडे खूण करत. मी नकाशा उलगडून सांगे, "तिथं खाली नुसता काळा कातळ आहे, पाणी लागणार नाही." मग अण्णा त्या माणसापेक्षाही दुःखी चेहरा करून म्हणत, "काय करनार बाबा, सायन्स हाय!"

नकार मिळाला की आतून वहिनी लिंबाचं सरबत पाठवायच्या. अण्णांच्या पत्नीला आम्ही सगळेच वहिनी म्हणायचो. गावाबाहेरच्या रानात त्यांची लिंबोणीची बाग होती, नवी नवरी होऊन आल्या तेव्हा स्वतः लावलेली. ज्याचं काम होई त्याला चहा आणि ज्याचं होत नसे त्याला सरबत, असा त्या घराचा रिवाजच पडून गेला. पुढे पुढे बाजारात कुणी कुणाला विचारी, "काय रं, झालं का काम?" तर तो म्हणे, "सरबत प्यालो!"

* * *

त्या भागात एक पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरायचा. नारळ उभा राहिला की तिथं पाणी! मी आल्यापासून तो माझ्यावर खार खाऊन होता. चारचौघांत म्हणायचा, "पुस्तकातलं पानी पुस्तकातच ऱ्हातं."

एक दिवस भर दुपारी, कचेरीत चिटपाखरू नसताना, तो दारात उभा. टोपी काढून हातात घेतलेली.

"साहेब, माझ्या रानात जरा येऊन जाता का? हीर घ्यायची म्हंतोय."

मी म्हटलं, "अहो, तुमच्याकडे नारळ आहे की!"

तो इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "सोताच्या रानात गेलं की हात थरथरतो, साहेब. नारळ कुटंबी उभा ऱ्हातो!"

मी गेलो. त्याच्या रानात एका कोपऱ्यात बरा मुरूम होता, तिथं खूण करून दिली. चहा पाजल्यावर तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "लोकास्नी सांगू नका." आता हयात नाही बिचारा, म्हणून सांगतोय. माणूस मात्र गोड होता.

* * *

दुष्काळी कामांवर तेव्हा गावंच्या गावं खडी फोडायला बसत. मी जिल्हाभर हिंडून दगडांचे नमुने गोळा करायचो आणि अण्णांचे ड्रायव्हर रशीदभाई ते जीपमधून वाहायचे. एकदा जीप खचाखच भरली तेव्हा आम्ही नमुन्यांची पेटी रस्त्याच्या कामावर एका झाडाखाली ठेवली आणि पुढच्या गावाला जाऊन आलो.

परत आलो तर पेटी रिकामी! शेजारी एकसारख्या खडीचा सुबक ढीग. खडी फोडणाऱ्या बायांना वाटलं, साहेबांनी फोडायलाच आणून ठेवलेत. माझी महिन्याभराची भटकंती रस्त्यात जायला तयार होऊन बसली होती.

मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात एक बाई तक्रारीच्या सुरात म्हणाली, "साहेब, हे दगड कुटून आनलं? लई कडक! परत असलं आनू नका."

रशीदभाई हसून हसून जीपच्या चाकाला टेकले. मग एक म्हातारी उठून माझ्याजवळ आली. तिनं पदराची गाठ सोडून माझ्या हातात एक पांढरा स्फटिक ठेवला. माझ्याच एका नमुन्याच्या पोटात होता तो, पाकळ्या पाकळ्यांचा.

"ह्यो फोडाया मन न्हाई झालं," ती म्हणाली.

तो अजून माझ्याकडे आहे. त्यावर कुठलीही चिठ्ठी नाही, नंबर नाही. कुठला विचाराल तर सांगता येणार नाही, पण कुणी दिला ते आठवतं.

* * *

पाझर तलाव चुकीच्या जागी होत होते. खाली कातळ, मग पाणी मुरणार कुठून? आणि जिथं थोडं पाणी होतं तिथं पिण्याच्या विहिरीला खेटून लोक बागायती विहिरी खोदत होते. नवी विहीर खोल, जुनी उथळ. पाणी खोल विहिरीत ओढलं जायचं आणि गाव तहानलेलं राहायचं. यावर विधानसभेत बोला म्हणून मी अण्णांच्या मागे लागलो. अण्णा म्हणाले, "आधी मला समजू द्या."

दोन कातळांच्या मधल्या तांबड्या मातीच्या थरावर पाणी कसं अडतं, हे मी समजावत राहिलो, अण्णा माना डोलवत राहिले. शेवटी वहिनी वैतागून ताट घेऊन बाहेर आल्या. खाली एक ज्वारीची भाकरी, वर रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकरी, तिच्यावर परत ज्वारीची.

"हे पांढरं म्हंजे तुमचा दगूड. ह्यो मधला तांबडा थर. वरनं आमटी वतली तर कुटं थांबंल? तांबड्यावर! हाय का न्हाई, साहेब?"

मी वर्षभर शिकवूनही याहून बरं सांगू शकलो नसतो. अण्णांनी ते पाठ केलं आणि सभागृहात जसंच्या तसं सांगितलं. आमटीसकट! पाठीमागून कुणीतरी ओरडलं म्हणे, "सन्माननीय सदस्य जेवायला कधी बोलावताहेत?"

सभागृह हसलं, पण काम झालं. तलावाची जागा आधी भूगर्भवाल्यानं बघायची, हे मंत्र्यांनी कबूल केलं. दुसरी मागणी राहिली, पिण्याच्या विहिरीजवळ नवी बागायती विहीर नको ही. त्यावर मंत्री उठले आणि म्हणाले, "बघू."

अण्णा मुंबईहून परत आले. जोडे काढता काढता मला म्हणाले, "साहेब, 'बघू' ऐकल्यावर मानसाला कसं वाटतं, हे मला आज कळलं."

* * *

आणि त्याच उन्हाळ्यात वहिनींची बाग वाळायला लागली.

रानातली विहीर कोरडी पडली होती. पानं गळत होती. वहिनी रोज संध्याकाळी जाऊन एकेका झाडाच्या बुंध्याशी हात लावून यायच्या. सरबतात लिंबू कमी झालं, साखर तर केव्हाच गेली होती, गुळाचं पाणी उरलं होतं. अण्णा मला म्हणाले, "साऱ्या तालुक्याला जागा दाखवल्या. आता आमच्या रानात एक दाखवा."

मी सगळं रान पालथं घातलं. जागा एकच होती, अगदी खालच्या कोपऱ्यात, ओढ्याला लागून. आणि ओढ्याच्या पलीकडे ख्रिस्ती वस्तीची पिण्याची विहीर. अख्खी वस्ती त्या विहिरीवर, शिवाय रस्त्याच्या कामावरची माणसंही तिथलंच पाणी पीत.

"पानी लागंल?" अण्णांनी विचारलं.

"लागेल. पण ते वस्तीच्या विहिरीचंच पाणी असेल. आपण खोल गेलो की ती आटली."

अण्णांनी जोड्याच्या टाचेनं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या शाळेचे शांतवन मास्तर आले. बातमी ओढा ओलांडून गेली होती. मास्तर अबोल गृहस्थ. कुणासाठी काही मागायला आले की आधी छत्री कोपऱ्यात उभी करायचे. त्या दिवशी छत्री हातातच राहिली.

"अण्णा, आमी काई म्हनत न्हाई. रान तुमचं हाय. फकस्त आमची हीर तेवढी ध्यानात असू द्या."

"बघू, मास्तर," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्या खोलीत बसवेना. नकार द्यायला मला ठेवलं होतं आणि नकार ज्याला द्यायचा तो माझा सगळ्यात लाडका माणूस होता. त्यातून नकार पोचणार होता वहिनींना!

'बघू' म्हणजे काही नकार नव्हे, म्हणून घरात विहिरीचा मुहूर्त निघाला. त्या सकाळी सगळे रानात. सुरुंगवाले कोपऱ्यात पहार घेऊन उभे. वहिनींनी नारळ, हळद-कुंकू आणलेलं. ओढ्यापलीकडे वस्तीतल्या बाया घागरी घेऊन उभ्या, पाणी भरायचं सोडून आमच्याकडे बघत. कुणी ओरडत नव्हतं, तेच जास्त अवघड होतं.

वहिनींनी विचारलं, "फोडू न्हवं का नारळ?"

अण्णांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं. कपाळाला घाम आलेला. वाळलेल्या बागेकडे एकदा बघून घेतलं आणि बायकोकडे वळून म्हणाले, "न्हाई."

रशीदभाईंच्या हातातली विडी खाली पडली.

वहिनी नवऱ्याकडे बघतच राहिल्या. डोळे भरून आले त्यांचे. मग म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं आज पयल्यांदा तुमी मला सरळ उत्तर दिलं बघा!"

नारळ त्यांनी तरीही फोडला. "आनलाय तर खायाचा," म्हणाल्या. सुरुंगवाल्यांना तुकडे दिले, उरलेले पदरात घेऊन ओढा ओलांडून गेल्या आणि घागरीवाल्या बायांना वाटून आल्या. येताना बागेतून आल्या, पण कुठल्याच झाडाला हात लावला नाही.

घरी आल्यावर रशीदभाई हळूच म्हणाले, "अण्णा, आज नकार तर वैनींस्नी मिळाला. आता सरबत कोन करनार?"

अण्णा उठले आणि सरळ चुलीपाशी गेले. भांड्यांचा बराच आवाज झाला. मग ते पेला घेऊन बाहेर आले. बागेतली शेवटची दोन लिंबं त्यात पिळलेली, बिया तशाच तरंगत. वहिनींनी पेला घेतला आणि आत जाऊन बसल्या.

त्याच वेळी दारात शांतवन मास्तर. या वेळी छत्री त्यांनी कोपऱ्यात उभी केली. मागे अंगणात वस्तीतल्या बाया.

अण्णा चाचरत म्हणाले, "मास्तर, हीर खोदत न्हाई आमी. काळजी नको."

"ते कळलं. मी दुसरंच मागाय आलोय." मास्तरांनी घसा साफ केला. "वस्तीचं धुन्याभांड्याचं पानी रोज ओढ्यात जातं. ह्या म्हंत्यात, आमी ते घागरीनं आनून वैनींच्या लिंबोनीला घालतो. घालू का?"

अण्णांना बघू म्हणता येईना, नाही म्हणता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी लगेच म्हटलं, "हो!" त्या टेबलावरून इतक्या घाईनं मी कधी हो म्हटलं नव्हतं.

मास्तर माझ्याकडे वळून नम्रपणे म्हणाले, "तुमाला न्हाई इचारलं, साहेब. वैनींना इचारलंय."

सगळे आतल्या दाराकडे बघायला लागले. अंगणातल्या बायाही. आत पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मग वहिनींचा आवाज आला, पदर तोंडाला लावून हसू दाबत बोलल्यासारखा.

"बघू."