दुसऱ्या भागाचे वाचक

माझी मुलगी सई फोनवर लोकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवत होती. तिच्या आवडत्या सुपरहिरो चित्रकादंबरीचा दुसरा भाग आला होता. पहिल्या भागात कोसळता पूल एका हाताने तोलणारी नायिका या भागात स्वतःच्या वडिलांचं विसरणं थांबवू शकत नाही. वाचक चिडले होते. “एवढी शक्ती मग काय कामाची?” असं एकीने लिहिलं होतं. “तिला इतकं लाचार दाखवायला नको होतं,” असं आणखी कुणीतरी.

मला त्यांचा राग कळत होता. निदान कागदावर तरी कुणीतरी वेळेत पोहोचावं, एवढ्यासाठीच तर आपण अशी पुस्तकं उघडतो.

“तू काय लिहिणार?” मी विचारलं.

“काही सुचत नाहीये गं, आई.”

समोरच्या खुर्चीत तिचे बाबा बसले होते. अलीकडे त्यांना आमची नावं आठवेनाशी झाली आहेत. बराच वेळ तिच्याकडे पाहून त्यांनी अदबीने विचारलं, “ताई, तुम्ही काय वाचताय?”

सईने फोन ठेवला, त्यांच्याजवळ सरकून बसली आणि गोष्ट अगदी सुरुवातीपासून सांगू लागली. पाहुण्याचं ऐकावं तसे ते मान डोलावत ऐकत होते.