तीन नंबरचा सिलिंडर

लिंबू-मिरची टांगलेली गाडी गॅरेजात आली की मी आधी ती तोडून फेकतो, मग बॉनेट उघडतो. लातूरमध्ये बावीस वर्षं हेच करतोय. गाडी बिघडते ती पेट्रोलमुळे, करंटमुळे नाहीतर मालकाच्या चिक्कूपणामुळे... चौथं कारण मी कधी मानलं नाही. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

गेल्या हिवाळ्यात जळकोटहून एक अप्पा आले. किराणा दुकानदार, साठी उलटलेली, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांच्या मंडळींना, गिरिजाअक्कांना, ते मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी नांदेडला न्यायचे.

"मिस्त्री, एरवी गाडी झकास हाय. पन ओव्हरटेकला पाय दाबला की धक्के खाती, पिकअपच सोडती. बाजूला अक्का बसलेली असती... काळजाचं पानी होतं बघा."

जोर दिल्यावर मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकणं, बहुतेक वेळा प्लगमुळे नाहीतर त्याला करंट देणाऱ्या कॉइलमुळे. स्कॅनर जोडला तर तीन नंबरच्या सिलिंडरच्या दोषाचा कोड होता. मी रिंग रोडवर गाडी दाबून पळवली, एकदाही अडखळली नाही. तरी तीनची कॉइल एकला लावली, एकची तीनला. कॉइल खराब असेल तर दोष तिच्याबरोबर सरकतो. अप्पा नांदेडला जाऊन आले... कोड पुन्हा तीनचाच!

मी हट्टाला पेटलो. पुढच्या मंगळवारी सकाळीच जळकोट गाठलं आणि स्कॅनर जोडून मागच्या सीटवर बसलो. कंधारचा रस्ता, पुढं उसाची ट्रॉली. अप्पांनी गाडी उजवीकडं काढून पाय दाबला आणि गाडी गचके द्यायला लागली. अप्पांनी गाडी पुन्हा ट्रॉलीच्या मागं घेतली. तेवढ्यात वळणावरून एक टिप्पर सुसाट निघून गेला. नांदेड येईपर्यंत असं चार वेळा झालं. चारही वेळा समोरून काही ना काही आलं. रस्ता म्हटल्यावर गाड्या येणारच, असं मी मनाला सांगितलं.

अक्का आत डायलिसिसला गेल्यावर मी दवाखान्याच्या पार्किंगमध्येच कॉइली उपसल्या. तीन नंबरच्या प्लगच्या खड्ड्यात पांढरी राख, तेलात कालवल्यासारखी. कॉइल बदलताना मी आत डोकावलोच नव्हतो.

"अप्पा, हे काय?"

"विभूती हाय. दर सोमवारी पूजा झाली की इंजिनाला लावतो. अक्काचा जीव या गाडीवरच हाय न्हव का."

मला हसूच फुटलं. "अप्पा, तुमच्या देवानंच मिसिंग आणलंय की!" मग समजावून सांगितलं. राख आणि तेल मिळून करंटला वाट होते, जोर पडला की ठिणगी बाहेरच्या बाहेर पळते. म्हणूनच कॉइल बदलून दोष सरकला नव्हता. सगळा हिशोब जुळला होता. मी खड्डा साफ केला, प्लग आणि कॉइलची रबरं नवी बसवली आणि इंजिनाला पुन्हा हात लावायचा नाही असं बजावलं. अप्पांचा चेहरा पडला, पण मान हलवली. परतताना गाडी पाण्यासारखी पळाली. मी किती खूश होतो, विचारू नका.

दोन दिवसांनी सहज स्कॅनरमधलं रेकॉर्डिंग काढलं. एक रेघ मिसिंगची, एक एक्सलेटरची. आधी पाय दाबला जायला हवा, मग मिसिंग. इथं उलटं होतं. मिसिंगची रेघ आधी उठलेली, आणि दीड-दोन सेकंदांनी अप्पांचा पाय. चारही वेळा. म्हणजे अप्पांनी दाबायच्या आधीच इंजिन अडखळत होतं... तीनदा मागं नेऊन पाहिलं, तेच. मग म्हटलं, स्कॅनर जुना आहे, एकेक आकडा मागं-पुढं दाखवत असेल. अप्पांना काही बोललो नाही. ही माझी चूक.

तीन आठवड्यांनी फोन आला. त्याच रस्त्यावर अप्पा ट्रॉलीला ओव्हरटेक करायला गेले आणि समोरून टेम्पो आला. अप्पांनी गाडी डावीकडं कापली, ती ट्रॉलीवर घासत गेली. अक्का डाव्या बाजूलाच होत्या. पाय दोन ठिकाणी मोडला.

मी दवाखान्यात गेलो. अप्पांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "लई बेस पळाली हो मिस्त्री त्या दिवशी. जरा बी अडखळली न्हाई." मग माझा हात धरला. "अक्काला न्यावं तर लागनारच. गाडी पयल्यासारखी करून द्या."

"पहिल्यासारखी म्हणजे?"

"अडखळती करून द्या."

बावीस वर्षांत दोष घालून मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं. डावी बाजू दुरुस्त झाल्यावर मी आठ दिवस झटलो. जुने प्लग बसवले, जुनी रबरं बसवली. वायर काढली की कायमचं मिसिंग येतं, पण अप्पांना तसलं नको होतं, मलाही नको होतं. शेवटी मीच म्हटलं, "अप्पा, विभूती लावा." त्यांनी डोळे मिटून लावली. मी स्वतः शेजारी बसून कंधारच्या रस्त्याला ट्रायल घेतली. एकदाही अडखळली नाही.

राखेनं मिसिंग येत होतं तर आता का येत नाही? आणि येत नव्हतं तर तेव्हा कशानं येत होतं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. इथं कुणा जाणकाराला सुचत असेल तर सांगा... अप्पा अजून त्याच गाडीतून अक्कांना नेतात. गाडीत आता काहीच दोष नाही, आणि मंगळवारी-शुक्रवारी फोन वाजला की माझ्या हातातला पाना खाली पडतो.