रेघेच्या वर ठेवलेली रजिस्टरं

पंचगंगेचं पाणी किती फुटांवर गेलं, हे कोल्हापुरात पावसाळ्यात चहाच्या आधी विचारतात. आमची शाळा नदीकडच्या भागात. ऑफिसच्या भिंतीवर मागच्या महापुराची तांबडी रेघ मारलेली आणि आम्हाला तिचा भलताच अभिमान. नवीन माणूस आला की आधी रेघ दाखवायची, मग खुर्ची द्यायची. याच्या वर पाणी येत नसतं, हे आमचं ठरलेलं.

त्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाला, गगनबावड्याकडं पाऊस थांबेना. शाळेच्या शिपायांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. जुनी रजिस्टरं वरच्या मजल्यावर नेऊया, मी एकटा नेतो, असं ते दोनदा म्हणाले. मी हेडक्लार्क, वीस वर्षांची नोकरी डोक्यात गेलेली. मी त्यांना घाबरट ठरवलं आणि रजिस्टरं रेघेच्या वीतभर वर, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून घेतली. मामा एवढंच म्हणाले, “मॅडम, पाण्याला रेघ कळत न्हाय.”

पाणी रेघेच्या दोन हात वर चढलं. आठवड्यानं ओसरलं, तेव्हा रजिस्टरं फुगून फळीत घट्ट बसली होती. पानं सुटी करून बाकांवर पंख्याखाली वाळवली. सर्वांत जुन्या रजिस्टरातली शाई पार धुऊन गेली होती.

महिन्यानं नदीपलीकडच्या गावातून एक बाई आली. तिच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. जातीच्या दाखल्यासाठी मुलीच्या पणजोबांची आमच्या शाळेतली नोंद हवी होती आणि मुदत आठ दिवसांवर आलेली. घरातली नक्कल पुरात गेली होती. मी तिला कोरं पान दाखवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, वर उचलून ठेवली नव्हती का? मी म्हणाले, रेघेच्या वर ठेवली होती, पाणीच जास्त आलं.

“आमचंबी तसंच झालं की,” ती म्हणाली. “घरातल्या रेघंच्या वर ठेवल्यालं, तरी गेलं. तुम्ही तरी काय करणार, मॅडम?”

वरच्या मजल्याचा जिना तिच्या पाठीमागंच होता. मामा दारात उभे होते. मी कागद पुढं ओढला. नोंद उपलब्ध नसल्याचं पत्र तयार केलं, कारणापुढं ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहिलं आणि सही केली. पत्र घेऊन तिनं माझे आभार मानले. मी ते घेतलेही, त्याची मला आजही लाज वाटते.