नेढ्याकडे पाठ

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टाची काजं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. खोटं बोलण्यात मात्र ती अगदीच कच्ची.

त्या रविवारी तिने सासूला सांगितलं, "आई, आज जादा काम आहे. जेवण उशाशी झाकून ठेवलंय. शेजारच्या वहिनी डोकावतील अधूनमधून." आणि कारखान्यातल्या बायकांबरोबर ती डोंगराच्या वाटेला लागली. माथ्यावरच्या कड्याला आरपार भलंमोठं भोक आहे, त्याला सगळे नेढं म्हणतात. सासू धडधाकट होती तेव्हा पावसाळा सरला की म्हणायची, "एकदा नेढ्यापर्यंत जाऊन येऊ गं." ही म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." मग सासूचे पायच गेले आणि तो विषय कोणी काढेनासं झालं.

वाट वाळक्या गवतातून होती. बायका खिदळत होत्या. काजवालीच्या डोळ्यांपुढून ते झाकलेलं ताट हलत नव्हतं. शेवटची चढण संपून नेढं समोर आलं, तेव्हा तिचा पायच पुढे पडेना. जिला आणायचं राहिलं, तिच्याआधी आपण कसं बघायचं? नेढ्याकडे पाठ करून ती दगडावर बसली आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिली.

"अगं, पलीकडे बघ तरी," मुकादमीण म्हणाली. "एवढं चढून आलीस ती काय पाठ शेकायला?"

"गरगरतंय मला." हेही खोटंच.

संध्याकाळी सासूचे केस विंचरायला ती खाटेवर पाय दुमडून बसली. सासूचा हात तिच्या सलवारीच्या काठावर गेला. एकेक कुसळ उपटून म्हातारी चादरीवर ठेवू लागली.

"शिलाई मशीनला हल्ली गवत उगवतं वाटतं."

फणी थांबली. "नेढ्याला गेले होते, आई. चुकलं माझं."

"ते कळलं. पलीकडे काय दिसतं, ते सांग."

"बघितलंच नाही मी. तुमच्याशिवाय बघवेना."

सासू म्हणाली, "म्हणजे मी दिवसभर छताकडे बघत पडले, ते तू दगडावर पाठ फिरवून बसावंस म्हणून?"

न बघून थोडं तरी फेडलं, असं काजवालीला वाटलं होतं. तिने तर म्हातारीच्या वाट्याचं बघणंही बुडवलं होतं.

"डोळे पूस. पुढच्या रविवारी परत जा आणि नीट बघून ये. वहिनींना मी सांगते." सासूने चादरीवरची कुसळं मुठीत गोळा केली. "आता तो दुसरा पाय कर इकडे."