बिनधूर मामांची चूल

बिनधूर मामा दुसऱ्याची तारीफ तोंड भरून करत. कुणाची वांगी, कुणाची गाय, कुणाच्या सुनेची रांगोळी, काहीही चालायचं. स्वतःच्या कामाचा विषय निघाला, की मात्र टोपी काढून झटकायला लागत. टोपीवर धूळ नसायचीच.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लग्न होऊन मी दिघोरीला आले, तेव्हा मामा आमचे शेजारी. गवंडीकाम सोडून ते मातीच्या चुली घालू लागले होते. धूर नळीतून थेट छपराबाहेर जायचा, म्हणून गावानं हे नाव पाडलेलं. त्यांच्या आईचे डोळे गेले होते, आणि ते चुलीच्या धुरानंच गेले, हे मामांच्या मनात पक्कं बसलं होतं. "माह्या मायचं तं झालं. दुसऱ्या कोणाचे काहून जावे?" एवढंच एकदा बोलले. त्यांनी घातलेल्या चुलीवर मी पहिल्यांदा डोळे न पुसता सगळा स्वयंपाक केला. त्या दिवसापासून हा माणूस मला बापासारखा वाटू लागला.

पण माझ्यानंतर कुणी बोलावेना. "मामा, चार घरी जाऊन सांगा ना," मी म्हणायची. ते म्हणत, "काम चांगलं असन तं लोकं येतीनच, सूनबाई. आपल्याच तोंडानं काय सांगाचं?" मला अस्सा राग यायचा! अहो, चूल असते घराच्या आत. रस्त्यानं जाणाऱ्याला ती दिसणार कशी?

शेवटी दिवाळीनंतरच्या मंडईत मामींनी त्यांना जागा धरायला लावली. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा; पंचक्रोशीतले पाहुणे गावात येतात, दंडारीचा नाच-खेळ होतो, नाटक होतं. मामा म्हणाले, "यंदा कोणी इचारलं नाही, तं मी तुमसरले राइस मिलमधी कामाले जातो."

मामांनी चूल सुरेख घातली. शेणानं सारवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पेटवली मात्र नाही, काळी पडेल म्हणून. पाटीही लावली नाही. झालं! येणाऱ्या बायांना वाटलं, कुणाच्या नवसाचं ठाणं आहे. त्या वाकून नमस्कार करू लागल्या. एकीनं नारळ ठेवला, दुसरीनं नातवाचं डोकं टेकवलं. आणि मामा शेजारी उभे राहून संकोचानं हसत होते.

मामी आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "लोकं पाया पडून राहिले, अन् तुमी पाहून राहिले? चूल आहे म्हणून सांगाले काय झालं?" त्यांनी माळ बाजूला केली, चारी बाजूंनी आणि वरून बांबूचे तट्टे लावून बंद खोली केली, नळी तेवढी बाहेर ठेवली आणि चूल पेटवून भात चढवला. मग दारात उभ्या राहून बायांना म्हणाल्या, "आत बसा. डोळ्यात पानी आलं तं उठून जा."

कुणी उठलं नाही. एका म्हातारीनं सवयीनं पदर डोळ्यांना लावला आणि कोरडा पदर बघत राहिली. मग मामांना म्हणाली, "माह्या घरी कवा येतं, बाबू?"

तुमसरचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढे मामा गावोगाव गेले ते मामींना घेऊनच. त्या रांधून दाखवत, आणि मामाही हळूहळू सांगायला शिकले, ही चूल कशी, कशासाठी. बढाई त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. तिची गरजही पडली नाही.

मामा गेले, तेव्हा रीतीप्रमाणे त्यांच्या घरी चूल पेटली नाही. गावातून आणि आसपासच्या गावांतूनही बाया जेवणाचे डबे घेऊन येत होत्या. मामी प्रत्येकीला विचारत, "कोणाच्या चुलीवर रांधलं, बाई?"

"मामाच्या," ती सांगे.

पुढची आली, की मामी तिलाही तेच विचारत. उत्तर त्यांना ठाऊक होतं. त्यांना ते ऐकायचं होतं.