बारा वर्षांचा नियम

शनिवार, १९ एप्रिल २०२५. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. मी अंबरनाथच्या आमच्या दफनभूमीत होतो, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीच्या चिटणिसांचा फोन आला. बदलापूर गावातली आमच्या मंडळीतली एक तरुण बाई उत्तम शुक्रवारच्या संध्याकाळी प्रभूत निजली होती. उष्णतेमुळे देह ठेवता येत नव्हता. दफन दुपारीच करायचे होते.

“जागा काढावी लागेल,” ते म्हणाले.

दफनभूमीत मोकळी जागा उरलेली नाही. बारा वर्षे झालेली कबर क्रमाने उघडायची, अस्थी तळाशी पुरायच्या, वर नवी पेटी ठेवायची, असा नियम आहे. मंडळीचा पंच असताना तो मीच लिहिला. पक्का चौथरा बांधू पाहणाऱ्यांना मीच नकार दिला. आता क्रम माझ्या पत्नीच्या कबरेचा होता.

चिटणिसांनी तो क्रमांक सोडून पुढचा घेण्याचे सुचवले. पुढच्या कबरेतल्या म्हाताऱ्याचे कोणी उरलेले नव्हते. कोणी विचारणार नव्हते. मी दहा मिनिटे मागून घेतली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरींना चुना लावण्याची आमच्यात रीत आहे. पत्नीची धाकटी बहीण त्यासाठी दरवर्षी उल्हासनगरहून येते. ती बहिणीच्या कबरेपाशी उकिडवी बसून कुंचला फिरवत होती. मी तिला सांगितले. ती उठली नाही. तिचा हात तेवढा थांबला.

“दाजी, उद्या पहाटे तुम्ही इथेच उभं राहून प्रभूच्या रिकाम्या कबरेचा पाठ वाचणार. आणि ताईची आजच रिकामी करणार?”

गेलेले माणूस मातीत नसते, हे मी चाळीस वर्षे सांगत आलो आहे, असे मी म्हणालो.

“मग दरवर्षी चुना कशाला लावू दिलात?”

आत्मा अमर आहे, एवढ्यावर आमची श्रद्धा थांबली असती तर काम सोपे होते. ती श्रद्धा शरीराचे पुन्हा उठणे सांगते. म्हणूनच आम्ही देह जाळत नाही, पुरतो; आणि म्हणूनच हाडांकडे पाठ फिरवता येत नाही. पण प्रभू ज्याला उठवणार आहे, त्याला विचारणारे कोणी नाही म्हणून त्याची कबर आधी उघडायची, हे करून मला उद्या तो पाठ वाचता आला नसता.

मी चिटणिसांना फोन करून क्रम पाळायला सांगितले.

नऊ वाजता बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा खोदणारा आला. सावलीकडच्या बाजूचा चुना अजून ओला होता; पहिल्याच घावाला तो मातीत मिसळला. झाडावरचे कावळे ओरडायचे थांबले, तेही माझ्या लक्षात आले. कमरेइतके खोल गेल्यावर खोदणारा म्हणाला, “काका, तुम्ही तिकडं जाऊन बसा.”

मी बसलो नाही. बारा वर्षांत माती सारे काही घेते, या समजुतीवर मी तो नियम लिहिला होता. नायलॉनची साडी ती घेत नाही. तिचे काठ ओळखू येत होते.

मेहुणीने नवे मांजरपाट अंथरले. अस्थी तिने एकटीने वेचल्या; मला हात लावू दिला नाही. तळाशी हातभर खड्डा करून त्यात ते गाठोडे ठेवले आणि माती ओढली.

दुपारी पेटी आली. त्या बाईचा नवरा कडेला उभा राहून खाली पाहत राहिला. खाली कोण आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. पाळकांनी पुनरुत्थानाच्या आशेची प्रार्थना म्हटली. मेहुणी स्पष्ट ‘आमेन’ म्हणाली.

ती निरोप न घेता गेली. उद्या पहाटे येणार की नाही, हे मी विचारले नाही.

घरी येऊन मी आंघोळ केली, उद्याच्या पाठाच्या पानात खूण घातली आणि घड्याळाला चारचा गजर लावला.